क्लोदोमिरोचे तीन पाव

त्या जूनमध्ये आल्तो लोबेरात एकच बातमी होती: क्लोदोमिरो लेइवा कड्यावरच्या वधूच्या अंगठ्या चोरताना सापडला. तोही भरदुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, गुडघे टेकून बसलेला आणि हातात रंग खरवडायची पट्टी. पाहणारी एकटीच होती. पण संध्याकाळच्या चहापर्यंत पाहणाऱ्या सातजणी झाल्या, आणि त्यातल्या एकीनं तर त्याच्या खिशातला अंगठ्यांचा खुळखुळाटही ऐकला होता.

यात खरं एवढंच, की पट्टी होती आणि गुडघे टेकलेले होते. अंगठ्या पाद्रीबाबांच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, जशाच्या तशा पडून होत्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या बायका निमित्त काढून जाऊन डबा उघडून बघून आल्या आणि जरा हिरमुसून परतल्या. क्लोदोमिरोनं चोरलेली वस्तू वेगळी होती. ती त्यानं अठरा वर्षांपूर्वी चोरली होती आणि त्या दुपारी तो ती परत ठेवायला गेला होता. चोरताना त्याला कोणी पाहिलं नाही, परत ठेवताना मात्र पकडला गेला. असलं नशीब घेऊन यायला क्लोदोमिरोच व्हावं लागतं.

त्याचं वय सत्तावन्न. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. तरुणपणी सार्डिन मासळीच्या होडीवर जायचा, पण होडी हलली की त्याचं पोट ढवळायचं. शेवटी नाखव्यानंच हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, तू जमिनीवर राहूनच समुद्राचं भलं कर." तेव्हापासून तो कड्याच्या कठड्यापाशी मोडकं वल्हं घेऊन उभा राहतो आणि बसमधून उतरणाऱ्यांना गावाचा इतिहास सांगतो. वल्ह्याचं टोक जिकडं फिरेल तिकडं माना फिरतात. ही गव्हाची घसरगुंडी. आजोबांच्या काळात इथून पोती सुटायची ती थेट खालच्या पडावात, आणि एकदा पोत्याबरोबर मुनीमही सुटला. तो समुद्रसिंहांचा खडक. त्यातला सगळ्यात जाडा आमच्या माजी नगराध्यक्षांसारखा दिसतो, फक्त तो काम करतो. ते भोक म्हणजे म्हातारीचा घोरा. भरतीला त्यातून पाणी उडतं आणि घोरल्यासारखा आवाज येतो. या दोनशे चौदा पायऱ्या, खालच्या कोळीवस्तीत उतरणाऱ्या. आणि ही, बायांनो आणि बाप्यांनो, टोप्या काढा, ही वधू.

वधू म्हणजे कठड्याबाहेर, खालून एकशे साठाव्या पायरीच्या वळणावरची पांढरी देवळी. इथल्या किनाऱ्यावर कोणाचा अवचित जीव गेला की त्या जागी घराच्या आकाराची अशी देवळी बांधतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात आणि नवस फळला की 'उपकाराबद्दल आभार' असा पत्रा ठोकून जातात. सान्तियागोच्या रस्त्यावर अशा शंभर देवळ्या दिसतील. पण वधूची एकच. बेआत्रिस तिचं नाव. गव्हाच्या जहाजाच्या कप्तानाशी लग्न ठरलेलं. डोलकाठी दिसली तशी लग्नाच्या पोशाखातच पायऱ्या उतरत धावली, वाऱ्यानं डोक्यावरचा शेला उडवला, तो धरायला हात पुढं केला आणि... इथं क्लोदोमिरो वल्हं सोडून द्यायचा. वल्हं फरशीवर आदळायचं. बायका दचकायच्या. काही रडायच्या. लग्न न जुळणाऱ्या मुली देवळीतल्या जाळीदार शेल्याचा एक धागा ओढून घ्यायच्या आणि लग्न जुळलं की पुढच्या वर्षी खोटी अंगठी ठेवून जायच्या, ती पाद्रीबाबा उचलून आपल्या डब्यात टाकायचे.

शेजारीच एर्सिलियाची गाडी. ती शिंपल्यांचं सारण भरलेल्या करंज्या, म्हणजे एम्पानादा, तळते. पाटीवर लिहिलेलं: 'वधूच्या एम्पानादा'. दोघं एकाच गल्लीत वाढलेली, त्यामुळं ती क्लोदोमिरोला गावासमोर 'इतिहासकार' म्हणते आणि दोघंच असली की 'गाढव'. वल्हं आदळलं की तेल उडाल्यासारखी ओरडायची, "अरे, रोज एकदा मारतोस तिला! कधीतरी शेला हाती लागू दे की बिचारीच्या!"

आता ही वधू जन्मली कशी, ते सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं ठरवलं की पहिली पर्यटक बस येण्याआधी सगळं पांढरं करायचं. क्लोदोमिरो रंगाचा डबा घेऊन देवळीपाशी गेला. आत एक लाकडी पाटी होती, खारं वारं खाऊन अक्षरं पुसट झालेली. त्यानं म्हटलं, आधी पांढरा हात मारू, वाळला की नाव पुन्हा काढू. पांढरा हात मारला. वाळला. आणि हातात ब्रश घेऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की नाव आठवत नाही. झुलेमा? झेनोबिया? झ होता एवढं नक्की, कारण आत खिळ्याला एक पांढरं फडकं अडकवलेलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं तेच अक्षर शिवलेलं होतं. गावात कोणालाही विचारलं असतं तर नाव मिळालं असतं. पण ते नाव विचारायची त्याची हिंमत नव्हती. का नव्हती, ते पुढं येईलच. तो घुटमळत असतानाच बस आली. लाल कोट घातलेली एक बाई कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "अगंबाई, हा शेला का?"

"हो," क्लोदोमिरो म्हणाला. "वधूचा."

एवढंच. एका 'हो'तून बेआत्रिस आली, कप्तान आला, जहाज आलं, संध्याकाळपर्यंत डोलकाठीही उभी राहिली. वर्षभरात नगरपालिकेनं वर रस्त्यावर 'वधू'कडं बाण दाखवणारी पाटी लावली. फडकं धागे ओढून ओढून विरलं. तेव्हा क्लोदोमिरोनं त्याचा उरलेला कोपरा गुपचूप घरी नेला आणि जागेवर एर्सिलियाकडचा जाळीचा जुना पडदा अडकवला. तो पडदाही विरला, आणि त्याच्या जागी आतापर्यंत त्याच्या तीन बहिणी येऊन गेल्या.

गावातल्या एकाही म्हाताऱ्यानं "अरे, इथं तर..." असं म्हटलं नाही. क्लोदोमिरोला पहिल्यांदा याचं नवल वाटलं. मग कळलं, आणि कळल्यावर त्यानं नवल करणंही सोडलं.

कोळ्यांचा राखणदार असलेल्या संत पेद्रोच्या जत्रेला चार दिवस उरले होते. सान आंतोनियोहून निवृत्तांच्या क्लबची बस आली. वीस-बावीस म्हातारी मंडळी, इथं जूनमध्ये थंडी म्हणून गळ्यात मफलर. क्लोदोमिरो रंगात होता. मुनीम घसरला, माजी नगराध्यक्ष आळसावले, बेआत्रिस धावली, वल्हं पडलं. टाळ्या झाल्या. लोक एम्पानादांकडं वळले. राखाडी कोटातली एक ठेंगणी बाई मात्र कठड्यापाशीच राहिली.

"छान सांगता, सेन्योर," ती म्हणाली.

"अनुभव आहे, सेन्योरा."

"तिचं नाव बेआत्रिस म्हणालात ना?"

"बेआत्रिस. नाजूक होती म्हणतात. हात तर असे, गुलाबाच्या पाकळीसारखे."

"हात नव्हते नाजूक," बाई म्हणाली. "कोपरापर्यंत भाजलेले होते. भट्टीत हात घालून पाव काढायची ती."

क्लोदोमिरो वाकला होता वल्हं उचलायला. तो तसाच वाकून राहिला.

"मी निएवेस. झुनिल्दा काबेयोची मुलगी." तिनं देवळीतल्या जाळीकडं बोट केलं. "तिथं फडकं होतं. टोपलीवर टाकायचं. त्याच्यावरचं अक्षर मी शिवलं होतं, शाळेत. कुठं गेलं?"

नाव आलं. झुनिल्दा. अठरा वर्षं जिभेवर येत नव्हतं ते दोन शब्दांत समोर येऊन उभं राहिलं आणि त्यामागं सगळंच आलं. धुकं, पायऱ्या, वास. क्लोदोमिरोचे कान असे तापले की त्याला वाटलं, एर्सिलियाला गाडीवरून दिसत असतील.

"सेन्योरा, ही... बघा, पर्यटकांना अशी गोष्ट आवडते."

"कळलं मला. आईलाही आवडली असती." ती हसली नाही, पण रागावलीही नाही, आणि तेच त्याला जड गेलं. "माझ्या बापाचं नाव तिनं सांगितलं नाही म्हणून या गावानं जिवंतपणी तिला लग्नाच्या कुठल्या पंगतीत बसू दिलं नाही. पाव चालायचा, ती चालायची नाही. आणि मेल्यावर तुम्ही तिलाच वधू केलंत. मी टाळ्या वाजवल्या, बघितलंत ना?"

"बघितलं," क्लोदोमिरो म्हणाला. त्यानं खरोखरच बघितलं होतं.

"या जत्रेनंतर मी परत यायची नाही. गुडघे गेलेत, एवढ्या पायऱ्या पुढच्या वर्षी होणार नाहीत. मला एकच हवंय. संत पेद्रोची पालखी इथून जायच्या आधी पाटीवर तिचं नाव. आणि तुम्ही निशाणवाले ना? बसमध्ये सांगितलं कोणीतरी. मग ते नाव तुमच्या तोंडून, संतासमोर."

आता हे निशाणवाल्याचं प्रकरण. जत्रेला आसपासच्या वस्त्यांतून बासरीवाल्यांची नाचपथकं येतात. प्रत्येक पथकापुढं एक निशाणवाला असतो आणि तो संताच्या मूर्तीसमोर उभ्या उभ्या जोडलेल्या ओळी गातो. त्याची शेवटची ओळ पथक गातं आणि मागं उभं असलेलं सगळं गावही गातं. न गायलं तर दर्या रुसतो. आणि मूर्तीसमोर खोटं गायचं नाही, हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आल्तो लोबेराचा निशाणवाला क्लोदोमिरो. दरवर्षी पालखी वळणावर थांबते आणि तो देवळीसाठी एक कडवं गातो. म्हणजे अठरा वर्षं संत पेद्रोच्या नाकासमोर उभं राहून त्यानं बेआत्रिसला गायलं होतं, आणि गावानं बिनचूक साथ दिली होती.

"नाव लिहितो, सेन्योरा," तो म्हणाला. "नाव नक्की लिहितो. गाण्याचं मात्र..."

"गाण्याचंच महत्त्वाचं," निएवेस म्हणाली. "पाटीला काय, कोणीतरी पांढरा हात मारतो." आणि ती एर्सिलियाच्या गाडीपाशी जरा थांबून बसकडं गेली.

त्यानंतरचे दोन दिवस क्लोदोमिरो आजारी असल्यासारखा हिंडला. त्यानं सगळ्या पळवाटा शोधल्या. दोन्ही नावं लिहिली तर? वर मोठ्या अक्षरांत बेआत्रिस, खाली बारीक झुनिल्दा? किंवा बेआत्रिस झुनिल्दा, एकाच बाईची दोन नावं असतातच की! किंवा ऐन वेळी घसा बसला तर? कच्चं अंडं खाऊन घसा बसवता येतो का, असं त्यानं औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदारीण म्हणाली, "निशाणवाल्यांना मी घसा उघडायचं विकते, बंद करायचं नाही." शेवटी तिसऱ्या दुपारी तो पट्टी आणि काळा रंग घेऊन देवळीपाशी गेला, जुना पांढरा रंग खरवडू लागला, आणि तेवढ्यात वरून आवाज आला:

"इतिहासकार! अंगठ्या काढतोस की काय रे?"

एर्सिलिया. हातात झारा. तिनं चेष्टा केली होती, पण भाजी घेऊन चाललेल्या एका बाईनं ती ऐकली, आणि बातमीचा जन्म झाला.

संध्याकाळी एर्सिलिया त्याच्या दारात आली. "मेल्या, सगळं गाव तुला चोर म्हणतंय. माझ्यामुळं म्हणतंय म्हणून आले. काय करत होतास तिथं?"

क्लोदोमिरोनं कपाटातून चहाचा जुना डबा काढला, उघडून तिच्यापुढं सरकवला. आत तळहाताएवढं पिवळं पडलेलं फडकं आणि निळ्या दोऱ्यानं शिवलेलं एक वाकडं अक्षर. एर्सिलियानं ते ओळखलं. ओळखलं हे तिनं लपवायचा प्रयत्न केला आणि तेही दिसलं.

"तिची मुलगी आली होती," तो म्हणाला.

"राखाडी कोट?"

"हो."

"तरीच." एर्सिलिया बसली. "माझ्याकडून एम्पानादा घेतली तिनं. पाटी वाचली. मग ठेवून दिली. मला वाटलं, शिंपले आवडत नसतील."

क्लोदोमिरोनं डब्याचं झाकण लावलं.

"ती म्हणते, मी संतासमोर नाव गावं."

"मग गा की. नाव गा. नावानं काय होतंय?"

"नाव गायलं की पुढचं विचारतील. झुनिल्दा कोण, तर पाववाली. कशी मेली, तर पाव आणताना, धुक्यात. मग पावाचं काय झालं?"

एर्सिलिया उठली. दार लावलं. परत बसली. "तू किती उचलले होतेस?"

"एक."

"क्लोदो."

"...दोन."

"अरे, तुझा सदरा मी पाहिला होता. पोट असं पुढं आलं होतं, सातव्या महिन्यासारखं."

"तीन," क्लोदोमिरो म्हणाला. "तीन होते. तू?"

"चार," एर्सिलिया म्हणाली. "आईनं पाठवलं होतं. म्हणाली, वाया जातील."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ गावातल्या साठीच्या आसपासच्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि कोणीही तिच्याविषयी कधी बोललं नव्हतं. झरा खाली, म्हणून भट्टी खाली. झुनिल्दा रोज दोनशे चौदा पायऱ्या टोपली घेऊन चढायची. त्या दिवशी धुकं इतकं, की स्वतःचा हात दिसेना. वरची माणसं चहा ओतून वाट बघत होती. पाव येईना म्हणून पोरं पायऱ्या उतरली, तर वळणावर टोपली आडवी पडलेली आणि पाव पायऱ्यापायऱ्यांवर, अजून वाफाळणारे. पोरांनी सदरे भरले. मग मोठी माणसं आली. "टोपली ठेवून गेली असेल कुठंतरी," कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कोणालाच आठवत नाही. कठड्यावरून वाकून खाली बघायचं कोणाला सुचलं, तोवर पाव संपला होता.

"आणि मुलगी?" एर्सिलियानं विचारलं. "ती तेव्हा कुठं होती?"

"खाली, भट्टीपाशी." क्लोदोमिरोनं मान खाली घातली. "मला आठवतंय, ती वर आली तेव्हा आम्ही सगळे पाव चावत होतो."

जत्रेच्या दिवशी धुकं नव्हतं, एवढी तरी दया झाली. संत पेद्रो, हातात किल्ल्या आणि गळ्यात कागदी फुलांचे हार, पालखीतून निघाले. तीन वस्त्यांची पथकं, बासऱ्यांचा तो घोगरा, हंबरल्यासारखा आवाज, उड्या, घाम. क्लोदोमिरो निशाण धरून पुढं. अंगठ्यांची बातमी अजून ताजी होती, त्यामुळं दोन्हीकडची माणसं कुजबुजत होती. "निशाण नीट धर रे, तेही खिशात जाईल!" असं एकजण ओरडला आणि बाकीचे हसले. एरवी क्लोदोमिरोनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी त्यानं नुसतं निशाण दुसऱ्या हातात घेतलं.

वळणावर पालखी थांबली. देवळीच्या पाटीवर कोरा पांढरा रंग, अर्धवट खरवडलेला. आणि पायऱ्यांवर, खालच्या बाजूला, निएवेस. ती कोळीवस्तीतून चढून येत होती, एकेक पायरी, हाताशी मोठी टोपली, वर पांढरं फडकं. सान आंतोनियोहून आदल्या दिवशी येऊन तिनं पहाटे खालच्या कोणाच्यातरी भट्टीत पाव लावला होता. वास आधी वर आला. म्हाताऱ्यांनी तो एकदमच घेतला आणि एकदमच माना दुसरीकडं वळवल्या.

क्लोदोमिरोला पळून जावंसं वाटलं. खरं सांगायचं तर त्याचा एक पाय मागं सरकलाही होता. पण मागं एर्सिलिया उभी होती आणि तिनं झाऱ्याशिवायच त्याला पाठीत टोचलं. तो निशाण वाकवून उभा राहिला आणि गायला:

"पेद्रोबाबा, दर्याच्या राजा, निशाण माझं वाकवतो,
अठरा वर्षं तुझ्यापुढं मी खोटी गाणी गातो."

पथकानं सवयीनं शेवटची ओळ उचलली. "खोटी गाणी गातो!" बासऱ्या हंबरल्या. निम्म्या नाचणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि निम्म्यांच्या नाही, म्हणून उड्या चुकल्या.

"वधू नव्हती, जहाज नव्हतं, नव्हता कसला शेला,
झुनिल्दाचा पाव आणता पायरीवर जीव गेला.

टोपली सांडली पायऱ्यांवर, ऊन होता पाव,
तिच्याआधी पाव उचलायला धावलं सारं गाव."

"धावलं सारं गाव," पथक म्हणालं, आता जरा हळू. तरुण पोरं एकमेकांकडं बघत होती. म्हाताऱ्यांपैकी कोणी टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत होता, कोणी बुटाची नाडी बांधत होता. निएवेस टोपली घेऊन समोर येऊन उभी राहिली होती. क्लोदोमिरोनं तिच्याकडं पाहिलं नाही. संताकडं पाहिलं, तर तोही सरळ बघत होता. शेवटी त्यानं देवळीकडं बघून गायलं:

"नऊ वर्षांचं पोर होतो, सदरा भरून गेला,
तीन पाव उचलले मी, मीच पाव खाल्ला."

आणि रीत ती रीत. संतासमोर शेवटची ओळ सोडता येत नाही. वीस बासऱ्या, साठ नाचणारे, दोनशे माणसं, नगराध्यक्ष, पाद्रीबाबा, सगळ्यांना गावंच लागलं: "मीच पाव खाल्ला!" एकदा नाही, रिवाजाप्रमाणं तीनदा. पोरांनी मोठ्यानं गायलं, त्यांना गंमत वाटली. म्हाताऱ्यांचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाज आला नाही, दुसऱ्यांदा घोगरा आला. तिसऱ्यांदा एर्सिलियाचा आवाज सगळ्यांवर चढला आणि मध्येच तुटला.

मग बासऱ्या थांबल्या. निएवेसनं टोपलीवरचं फडकं काढलं, नीट घडी घालून खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी वर आले तेव्हा तुम्हा सगळ्यांची तोंडं हलत होती. मला वाटलं, प्रार्थना म्हणताय. बरीच वर्षं मी तेच सांगायचे लोकांना, की अख्खं गाव प्रार्थना म्हणत होतं." तिनं एक पाव उचलला. "घ्या. या खेपेला हातातून घ्या."

एकेक जण पुढं आला. एर्सिलियानं दोन्ही हात पुढं केले आणि पाव घेऊन तो पदराखाली लपवावा तसा एप्रनखाली धरला. कोणी तिथं खाल्ला नाही. क्लोदोमिरो सगळ्यात शेवटी, खिशातून चहाचा डबा काढून उभा राहिला. निएवेसनं डबा उघडला, फडक्याचा तुकडा उन्हात धरला, निळ्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"वाकडंच शिवलंय मी," ती म्हणाली आणि तुकडा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. त्यानं रिकामा डबा हातात धरूनच दुसरा हात पुढं केला. टोपलीत अजून पाव होता.

"तुम्हाला नाही," निएवेस म्हणाली. "तुमचे तीन झालेत."

हे ऐकून कोणीही हसलं नाही. आजही त्याला 'तीन झालेत' म्हणून कोणी चिडवत नाही. आल्तो लोबेरात न चिडवली जाणारी ती एकमेव गोष्ट.

देवळीतल्या पाटीवर आता 'झुनिल्दा काबेयो' आहे, काळ्या रंगात, आणि खाली 'पाव आणत होती'. अक्षरं क्लोदोमिरोची, म्हणजे शेवटची ओळ जरा उतरती. जाळीचा पडदा गेला. अंगठ्यांचं काय करायचं हे पाद्रीबाबांना अजून कळलेलं नाही. एर्सिलियानं गाडीच्या पाटीवरचा 'वधूच्या' हा शब्द पुसला, पण रंग पूर्ण जाईना, त्यामुळं एम्पानादांवर अजून 'धूच्या' दिसतं आणि तिला रोज कोणीतरी विचारतं.

क्लोदोमिरो अजून वल्हं घेऊन उभा राहतो. मुनीम घसरतो, समुद्रसिंह आळसावतात, म्हातारी घोरते. देवळीपाशी आला की त्याचा आवाज खाली उतरतो, तो पाटी वाचून दाखवतो आणि पाव कोणी खाल्ला हेही सांगतो. स्वतःचा आकडा वगळत नाही. सांगताना अजूनही त्याचे कान लाल होतात. वल्हं तो आता पाडत नाही.

सप्टेंबरच्या सुट्टीत सान्तियागोहून एक कुटुंब आलं. मोठी हॅट घातलेल्या बाईंनी वधूची गोष्ट कोणाकडून तरी ऐकली होती आणि मुलीसाठी धागा न्यायला आल्या होत्या. क्लोदोमिरोनं त्यांना झुनिल्दाचं सगळं सांगितलं, पावासकट. बाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे नुसती पाववाली?" त्या म्हणाल्या. "तीन तास गाडीत बसून आलोय आम्ही. मग इथं बघण्यासारखं आहे तरी काय?"

क्लोदोमिरोनं वल्हं पायऱ्यांकडं फिरवलं.

"दोनशे चौदा पायऱ्या आहेत, सेन्योरा. आधी खाली जा, टोपली भरून घ्या, डोक्यावरची हॅट काढून ठेवा आणि चढून या. वर आलात की मग मला विचारा, नुसती म्हणजे काय."